गोल केलेला एक

शाळेत त्यांना सगळे गोल सर म्हणत. पोटावरून नव्हे. पोट नंतर आलं, नाव आधीपासूनचं होतं. हातात नुसता खडू, ना दोरी ना कंपास, आणि पोरांशी बोलता बोलता सर फळ्यावर एका दमात असं वर्तुळ काढत की त्याची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे शोधून सापडू नये. नव्या तुकडीतला एखादा शंकेखोर लाकडी कंपास घेऊन तपासायला उठायचा आणि कान पाडून जागेवर येऊन बसायचा. सर त्याच्यावर रागवत नसत. म्हणायचे, "बाळा, वर्तुळ हातात नसतं. आधी मन गोल व्हावं लागतं. मनाला कोपरे असले की हात अडखळतो."

मनाला कोपरे नसलेला माणूस, हेच त्यांचं खरं वर्णन होतं. फक्त एक वेड होतं. आकडा म्हणून उघडा ठेवायचा नाही. उत्तरपत्रिकेवर गुण लिहिले की भोवती गोल. घरच्या कॅलेंडरवर दवाखान्याची तारीख, तिच्याभोवती गोल. औषधाच्या पुडीवर "दिवसातून २ वेळा", त्या दोनाभोवतीही गोल. याला कारण घडलं होतं. बावीस वर्षांपूर्वी एका गुणी बाळानं आपल्या पेपरावरच्या ११ मधल्या पहिल्या एकाला हळूच एक वळण दिलं आणि ९१ करून घरी नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील डोळ्यांत पाणी आणून आभार मानायला शाळेत आले. "माझ्या पोराचं तुम्ही सोनं केलंत," म्हणाले. सरांच्या तोंडून खरं काही निघेना. त्या बापाचा आनंद मोडायचा तरी कसा? ते नुसतेच "देवाची कृपा" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी आकड्यांना कुंपणं घालायला सुरुवात केली.

"एक आणि नऊ यांच्यात फरक किती?" ते दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगत. "एका वळणाचा. उघडा एक दिसला की कुणाचीही नियत फिरते." मग डोळे अर्धवट मिटून, थोड्या सुरात, पुढचं ठरलेलं वाक्य यायचं. "देवानं सूर्य गोल केला, चंद्र गोल केला, डोळ्यातलं बुबुळ गोल केलं. जे जपायचं ते तो गोलात ठेवतो. आपण कोण मोठे लागून गेलो?"

त्यांची बायको त्याच शाळेत भाषा शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत आणि घरीसुद्धा सरांच्या तोंडून चुकून बाईच निघायचं. बाई अंगकाठीनं लहानशा, पण त्यांच्या हातातलं लाल पेन लांबून दिसायचं. विजेच्या बिलावरचं अशुद्ध लेखनसुद्धा त्या दुरुस्त करून परत पाठवत. त्यांचं म्हणणं असं, की जगातली निम्मी भांडणं ऱ्हस्वदीर्घामुळे होतात आणि उरलेली निम्मी लोक सूचना शेवटपर्यंत वाचत नाहीत म्हणून होतात.

आता असा हा माणूस निवडणुकीला कशाला उभा राहिला, तर कुत्र्यांमुळे.

एका सोमवारी शाळेत कागद आला. शिक्षकांनी आपापल्या भागातली मोकाट कुत्री मोजावीत आणि रंगाप्रमाणे तक्ता भरावा. सर तीन दिवस वही घेऊन गल्लोगल्ली फिरले. ठिपकेवाली कुत्री कुठल्या रकान्यात घालायची ते कागदात लिहिलं नव्हतं. शेपूट तोडलेली पूर्ण धरायची की कशी, तेही नाही. तिसऱ्या दिवशी एक तपकिरी कुत्रं त्यांच्या मागोमाग शाळेत आलं आणि भूमितीच्या तासाला शेवटच्या बाकाशी बसलं. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, हा मोजलेला आहे की मोजायचा आहे?" सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण हसता हसता त्यांना काहीतरी लागलं.

ते शिक्षकांच्या आमदारांकडे गेले. विधान परिषदेत, म्हणजे कायदे करणाऱ्यांच्या वरच्या सभागृहात, काही जागा फक्त शिक्षकांच्या असतात. मत शिक्षकांनीच द्यायचं आणि शिक्षकांसाठी भांडणारा माणूस तिथं पाठवायचा. गेली बारा वर्षं जो माणूस तिथं होता, त्याच्याकडे एका मोठ्या शाळेची मालकी होती आणि शिकवण्याशी संबंध तेवढाच होता. सरांनी सगळी हकिगत सांगितली. आमदारांनी शांतपणे ऐकून विचारलं, "शिक्षक म्हणजे... मतदार का?"

"हो."

"मग मतदानाच्या वेळी भेटूच."

सर तिथून निघाले तेव्हा त्यांच्या मनाला आयुष्यातला पहिला कोपरा फुटला होता. शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि जाहीर केलं, "मी उभा राहतो."

खोलीत एकच गलका झाला. पीटीच्या सरांनी गळ्यातली शिट्टी वाजवली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "राहा. निदान कुत्री तरी सुटतील." चित्रकलेच्या बाईंनी पोस्टर करायचं कबूल केलं. फक्त भाषेच्या बाई वह्या तपासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं. सगळ्या खोलीला कळल्यावर मलाही कळलं."

हा पहिला ओरखडा. दुसरा अर्ज भरताना उठला. उमेदवाराच्या अर्जावर दहा शिक्षकांनी सूचक म्हणून सह्या करायच्या होत्या. सरांनी ते काम पीटीच्या सरांवर सोपवलं. पीटीच्या सरांना आयुष्यात माणसं लावायची एकच पद्धत माहीत, उंचीप्रमाणे. सर्वांत उंच स्वतः ते, म्हणून सूचक क्रमांक एक. आणि बाई सर्वांत बुटक्या, म्हणून सूचक क्रमांक दहा.

"प्रार्थनेच्या रांगेत बुटक्यांना पुढे उभं करता ना हो तुम्ही?" बाईंनी पेन उघडून विचारलं.

"ती रांग बघायची असते, बाई," पीटीचे सर प्रामाणिकपणे म्हणाले. "ही निवडणूक आहे. निवडणुकीला उभं राहायचं असतं. मग उंचीच बघणार!"

बाईंनी सही केली. सहीखाली इतकी जोरात रेघ ओढली की मागच्या पानावर उमटली. घरी गेल्यावर सरांनी लाडीगोडी लावली. "अगं, क्रमांकात काय आहे?"

"भूमितीच्या माणसानं हे म्हणावं? असू दे. दहावी तर दहावी."

"पण मत तर मलाच देशील ना?"

"मतदान गुप्त असतं," बाई म्हणाल्या. "मतपत्रिकेवर उमेदवार सात आहेत. काळजी करू नका, सातवी पसंती तरी मिळेल तुम्हाला माझी. दहाव्यापेक्षा तीन घरं पुढे."

हे पसंतीचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. या निवडणुकीत यंत्राचं बटण नसतं की शिक्का नसतो. कागदावर सगळ्या उमेदवारांची नावं असतात. आपल्याला जो सर्वांत आवडतो त्याच्यापुढे १ लिहायचं, त्याच्यानंतरच्या पुढे २, असं हवं तितकं पुढे. तो १ म्हणजे पहिली पसंती. तो ज्याला मिळाला तो त्या मतदाराचा पहिला माणूस.

आपण हरणार हे सरांना पक्कं ठाऊक होतं. दोन हजार मतदार, समोर बारा वर्षं मुरलेला माणूस, आणि आपल्याकडे एक पोस्टर, तेही पावसात भिजलेलं. पण एक गोष्ट त्यांना मनापासून कळून घ्यायची होती. एकोणतीस वर्षं ज्या माणसांत खडू झिजवला, त्यांच्यात आपल्याला पहिलं धरणारं कुणी आहे का? आणि आपल्याच घरात आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक तोंडभरून देत होते. "सर, पहिली पसंती तुम्हालाच!" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र समोर बसून मुकाट्यानं वह्या तपासत होतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी सरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना जमवलं. शाळेच्या यादीत एकूण अडतीस मतदार, सर आणि बाई धरून. सरांनी फळ्यावर सात रकान्यांची मतपत्रिका काढली आणि आपल्या नावापुढे ठसठशीत १ लिहिला.

"आता मला सांगा," ते म्हणाले, "हा एक असाच उघडा टाकून आलात, आणि मोजणीच्या टेबलावर कुणी बदमाशानं त्याला एक वळण दिलं, तर काय होईल?"

"नऊ!" खोलीनं एका सुरात उत्तर दिलं. बावीस वर्षांची तयारी होती.

"उमेदवार किती?"

"सात!"

"मग नववी पसंती कुणाला? कुणालाच नाही. म्हणजे मत?"

"बाद!"

"म्हणून," सर म्हणाले, आणि खडू असा फिरला की पाहणाऱ्याचं भान हरपावं, "भोवती गोल करायचा."

टाळ्या पडल्या. प्रयोगशाळेच्या सरांनी तर हवेत बोट फिरवून सरावही केला. तेवढ्यात मागून एक हात वर झाला. बाईंचा. दुसऱ्या हातात निवडणुकीचं सूचनापत्रक होतं, घडी पडलेलं, म्हणजे वाचलेलं.

"सूचना सहावी," बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं. "मतपत्रिकेवर पसंतीच्या आकड्याखेरीज अन्य कोणतीही खूण, अक्षर अथवा रेघ आढळल्यास मत बाद ठरेल."

सर हसले. शंकेखोर पोराकडे बघून हसत तसेच. "बाई, वर्तुळ ही खूण नव्हे. ते कुंपण आहे. घराला कुंपण घातलं म्हणून घराचा पत्ता बदलतो का?"

"वा!" पीटीचे सर म्हणाले. मोठ्या बाईंनीही मान डोलावली. भल्या माणसाच्या तोंडून दृष्टांत निघाला की नियमाचं पुस्तक कोण उघडतो? बाईंनी पत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं. "मी सांगितलं," एवढंच म्हणाल्या.

मतदान शाळेच्याच ग्रंथालयात झालं. आडोशाला पुठ्ठ्याचा पडदा, आत एक टेबल आणि दोरीनं बांधलेलं जांभळं पेन. त्याच पेनानं लिहायचं, असा दंडक. एकेक शिक्षक आत जाऊन मनगट चोळत बाहेर यायचा आणि दारात उभ्या सरांकडे बघून बोटानं हवेत एक छोटा गोल काढायचा. मतदान गुप्त असतं, पण इतकं प्रेम लपवून ठेवायला माणसाला जड जातं. चित्रकलेच्या बाई आत बराच वेळ होत्या. पीटीचे सर आत जाऊन इतक्या झटकन बाहेर आले की सरांना काळजी वाटली.

शेवटी बाई गेल्या. आत किती वेळ लागला ते सरांनी मोजलं. एक वर्तुळ काढायला लागतो त्याच्या वीसपट. बाहेर आल्या त्या सरळ वर्गाकडे चालत्या झाल्या. बोट वर झालं नाही. चेहरा व्याकरणाच्या पुस्तकासारखा, बंद.

मोजणी चार दिवसांनी, एका मोठ्या क्रीडागृहात. लांबच लांब टेबलं, मध्ये जाळ्या, आणि भिंतीवर एक पांढरा फळा. उमेदवाराच्या वतीनं टेबलाशी बसायला पीटीच्या सरांना नेमलं होतं. सर बाहेरच्या बाकावर बसून होते. तासाभरात पीटीचे सर तोंड पाडून बाहेर आले.

"काय झालं?"

"काढलं मला. टेबलांपाशी नुसती गर्दी उसळली होती. मी शिस्त लावायला शिट्टी वाजवली, तर सगळे मोजणारे आकडा विसरले. पुन्हा पहिल्यापासून मोजतायत."

दुपारी तीनच्या सुमाराला फळा भरला. जुने आमदारच पुन्हा आले होते, साडेअकराशे मतांनी. सरांनी नजर खाली खाली नेली. सातव्या ओळीत त्यांचं नाव, आणि पुढे एक शून्य. शून्यच. दुसरा आकडा नाही, रेघ नाही.

जुन्या आमदारांच्या गोटातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "सर, तुम्हाला आता गोल काढायची तसदीच नाही. तुमचा आकडा जन्मतःच गोल आला!"

लोक हसले. सरांनीही हसायचा प्रयत्न केला. पीटीच्या सरांच्या चेहऱ्याला मात्र घाम फुटला. "सर, या शिट्टीची शपथ. मी तुम्हालाच दिलंय. पण... हे बघा, राग मानू नका. तुम्ही स्वतः कुणाला दिलंत?"

"मला!"

"मग तुमचं कुठंय?"

सरांचा गणिती मेंदू तेवढ्यात जागा झाला. बाकी सारं जग खोटं बोललं असं धरलं, तरी आपलं स्वतःचं एक मत आहेच. म्हणजे शून्य येऊच शकत नाही. सिद्धतेत खोट आहे. ते तरातरा जाळीपाशी गेले. निवडणूक अधिकारी कपाळावर चष्मा चढवून सह्या करत होते.

"साहेब, मोजणी चुकली. मी स्वतः मला मत दिलंय."

"हे मला सांगू नका, गुप्त असतं," साहेब म्हणाले, आणि मग त्यांना दया आली असावी. "बाद मतं पाहायचीत? उमेदवाराला पाहता येतात. तुमचा माणूस आत नव्हता म्हणून राहिली दाखवायची. एक्केचाळीस आहेत." त्यांनी एक पत्र्याचा ट्रे पुढे सरकवला. "माझ्या नोकरीत असा प्रकार पहिल्यांदा पाहिला. शिक्षकच ना हो सगळे? मग एवढ्यांना एक साधा आकडा लिहिता येऊ नये?"

सरांनी वरचा कागद उचलला. त्यांच्या नावापुढे जांभळा १, आणि त्याच्याभोवती अंड्यासारखा, घाईनं मारलेला गोल. पीटीच्या सरांचा. शंकाच नको. मैदानावर चुना टाकतानासुद्धा ते असाच काढत. दुसरा कागद. गोलाला एका बाजूनं बारीक छाया दिलेली, जणू चेंडूच. चित्रकलेच्या बाई. तिसरा षट्कोनाकडे झुकलेला, प्रयोगशाळेच्या सरांचा. चौथ्या गोलाखाली दोन रेघा, शेऱ्याच्या सवयीनं. मोठ्या बाई, दुसरं कोण! सर एकेक कागद उलटत होते आणि प्रत्येक गोलातून एक माणूस त्यांच्याकडे बघून हसत होता. कुणी कापऱ्या हातानं काढलेला, कुणाचा बंदच झाला नव्हता, कुणी दोनदा फिरवून पक्का केलेला. पण आत, प्रत्येकाच्या आत, एक होता.

"अहो, ओळखताय की काय?" साहेब दचकले. "कुणाचं मत कुणाचं ते ओळखणं गुन्हा आहे!"

"ओळखत नाहीये," सर म्हणाले. "तपासतोय."

"सूचना सहावी, सर. आकड्याखेरीज खूण असेल तर—"

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "मला वाचून दाखवली होती."

आणि ते बोलतानाच त्यांच्या लक्षात आलं. वाचून कुणी दाखवली होती? अडतिसातल्या एकट्या माणसाला नियम ठाऊक होता. सदतीस जणांनी आपलं ऐकून गोल काढले, म्हणून बाद झाले. पण बाई गोल काढणार नाहीत, मेल्या तरी. त्यांनी आपल्याला मत दिलं असतं तर ते स्वच्छ, उघडं, नियमात बसलेलं एक असतं, आणि फळ्यावर शून्याच्या जागी एक दिसला असता. फळ्यावर तर शून्य आहे. म्हणजे बाईंचा एक दुसऱ्या कुणाच्या तरी नावापुढे गेला.

त्यांनी गोलवाले कागद मोजले. सदतीस. स्वतःचा धरून. पुन्हा मोजले. सदतीसच. गणित चोख जुळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जुळलेल्या गणितानं त्यांना दुखवलं. पीटीचे सर शेजारी येऊन उभे होते. त्यांना काही समजलं नसावं, पण त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला.

"राहिलेली बघायची नाहीत?" साहेब म्हणाले. "ती तुमच्या नावापुढची नसतील म्हणा." ट्रेच्या तळाशी तीनच कागद दिसत होते. एकावर कुणीतरी बरोबरची मोठी खूण केली होती. दुसऱ्यावर लफ्फेदार सही. तिसऱ्यावर सातही नावांवरून आडवं लिहिलं होतं, "कृपया शाळेला बाकं द्यावीत."

"हे एवढंच," साहेब म्हणाले. "सदतीस आणि तीन."

"म्हणजे चाळीस," सर म्हणाले. सवयच ती. "तुम्ही एक्केचाळीस म्हणालात."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि बाकांचा कागद उचलला. त्याच्या पाठीला आणखी एक चिकटला होता. बोटाला ओल लावून त्यांनी तो सोडवला आणि सरांपुढे ठेवला.

सरांच्या नावापुढे १. शुद्धलेखनाच्या पुस्तकातल्यासारखा, बारीक, शेपूट नेमकं रेघेवर टेकलेलं. आणि भोवती गोल. सावकाश काढलेला, जीभ दातांत धरून काढलेला असावा असा. कुठं डगमगलेला नाही. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते शोधून सापडत नव्हतं.

सरांनी कागद परत ठेवला. नाक पुसलं. "साहेब, मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले. "एकदम बरोबर."

पीटीच्या सरांना ते बाहेर म्हणाले, "चल. आपल्याला अडतीस पडली." पीटीच्या सरांनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

घरी बाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. सर समोर बसले. छत्री हातातच होती.

"कळलं मला," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मोठ्या बाईंचा फोन आला होता. शून्य."

"तुला नियम माहीत होता."

"सहावा. होता."

"मग गोल का काढलास?"

लाल पेन थांबलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तपासला. दहापैकी दहा दिले मनातल्या मनात."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "आत गेले तेव्हा साधा एकच लिहिणार होते," त्या म्हणाल्या. "लिहिलाही. मग विचार केला. बाहेर सगळे बोटं फिरवत आलेत. सगळ्यांची बाद होणार. माझं एकटीचं टिकलं तर निकाल काय लागेल? एक. आणि तुम्ही काय म्हणाल? हे माझं स्वतःचं मत. मग माझ्या बायकोचं कुठं गेलं? आणि जन्मभर मला विचारत बसाल. मी देवाची शपथ घेतली तरी तुमच्या मनात तो एक उघडाच राहिला असता."

खरंच होतं ते, अगदी तस्संच झालं असतं.

"आणि दुसरं म्हणजे," बाई जरा हळू म्हणाल्या, "सगळी शाळा तुमच्यापायी शहाणपण सोडून बसली होती. मीच एकटी शुद्ध राहून काय करणार होते?"

"पण गोल इतका सुरेख कसा आला? तू तर कधी—"

"बावीस वर्षं तुमचे गठ्ठे घरी येतात. अर्ध्या गुणांभोवती तुम्ही गोल काढता आणि डुलकी घेता. उरलेले कोण काढतं वाटलं तुम्हाला? देव?"

सर हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसत ते उठले. कपाटातून त्यांनी उमेदवारी अर्जाची प्रत काढली, टेबलावर पसरली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सूचक क्रमांक १०, आणि पुढे बाईंची, खाली जोरात रेघ ओढलेली सही.

"हे चुकलं माझं," ते म्हणाले. "हे मी सोडवून आणलंय. बघ. दहा म्हणजे काय? एक आणि शून्य. शून्य आज सरकारी फळ्यावर माझ्या नावानं लागलंच आहे, ते मी घेतो. उरला एक. तो तू. आणि पुढचा तूच, मी मागे. तू बाजूला झालीस तर माझी किंमत काय, ते आज सगळ्या क्रीडागृहानं पाहिलंय."

बाईंनी अर्ज जवळ ओढून घेतला. शाळेतल्या पोराचं उत्तर दोनदा वाचावं तसा दोनदा पाहिला. सरांनी पेनासाठी हात पुढे केला. "खोडून पहिला क्रमांक घालू का?"

"खाडाखोड नको," बाई म्हणाल्या आणि लाल पेन त्यांच्या हातात दिलं. "आहे तो दहाच राहू दे. भोवती गोल करा."